कोपासी : गुंतलेल्या संदेशमार्गांना समीकरणांत मांडणारी प्रणाली

पेशीतील संदेशमार्गांची आकृती काढणे सोपे असते. वाढ-घटक ग्राहीला चिकटला, ग्राहीने रास या प्रथिनाला, रासने राफला, राफने मेकला आणि मेकने ईआरके या प्रथिनाला चालना दिली, की बाणांची एक साखळी कागदावर उतरते. शेजारी सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू आणि पीकेए हे विकर (एन्झाइम) यांची दुसरी साखळी काढून तिच्यापासून राफकडे आडव्या टोकाची, म्हणजे ‘अडवते’ असे सांगणारी, एक रेघ ओढली, की दोन मार्गांमधील परस्परक्रियाही दाखवून झाली असे वाटते. त्या एका रेघेत मात्र कितीतरी प्रश्न अनुत्तरित असतात. पीकेए राफला पूर्णपणे अडवते की काही अंशी? राफच्या सक्रिय होण्याचा वेग कमी होतो, की सक्रिय राफ लवकर निष्क्रिय होते? हा परिणाम सेकंदांत दिसतो की मिनिटांत, आणि पीकेएची संहती किती झाल्यावर? दोन मार्गांना जोडणारी रेघ ओढणाऱ्याकडून या प्रश्नांची उत्तरे घेतल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी संगणकप्रणाली म्हणजे कोपासी. तिच्या सर्व गुणांत हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो, आणि तिच्या मर्यादांचा विचारही मी याच अंगाने करणार आहे.

कोपासीची पूर्वज प्रणाली गेपासी ही पेड्रो मेंडेस यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी लिहिली होती. चयापचयातील अभिक्रियांचा काळानुसार होणारा बदल साध्या वैयक्तिक संगणकावर काढता यावा, हा तिचा हेतू होता. पुढे मेंडेस यांचा गट आणि हायडेलबर्ग येथील उर्सुला कुमर यांचा गट यांनी मिळून नव्याने बांधलेली प्रणाली म्हणजे कोपासी. तिचा परिचय करून देणारा शोधनिबंध २००६ मध्ये ‘बायोइन्फॉर्मेटिक्स’ या नियतकालिकात आला. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, ‘आर्टिस्टिक लायसन्स २.०’ या मुक्त परवान्याखाली मोफत मिळते आणि व्यावसायिक वापरालाही तिच्यात आडकाठी नाही. एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत जैवमाहितीशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या बाबी किरकोळ नाहीत. मॅटलॅब आणि त्यातील सिमबायॉलॉजी हे साधन उत्तमच आहे, परंतु संस्थेने परवाना घेतलेला नसेल तर ते विद्यार्थ्याच्या आवाक्यात राहत नाही, आणि पदवी संपल्यानंतर तर बहुधा नाहीच.

अशा प्रणालीचे परीक्षण तिच्यातील सोयींची यादी देऊन होत नाही; एखादा खरा प्रश्न तिच्याकडे नेऊन पाहावा लागतो. मी त्यासाठी बोरिस खोलोडेन्को यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेले मॅप कायनेज साखळीचे, म्हणजे वरच्या राफ, मेक आणि ईआरके या तीन पातळ्यांचे, प्रारूप निवडले. ते लहान आहे, नीट समजते आणि तरीही त्याचे वर्तन अंदाजाने सांगता येत नाही. त्यात आठ घटक आणि दहा अभिक्रिया आहेत : पहिल्या पातळीवरील कायनेजची (दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट लावणाऱ्या विकराची) दोन रूपे, दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवरील कायनेजची प्रत्येकी तीन. एकूण संहती अनुक्रमे १००, ३०० आणि ३०० नॅनोमोलर. शेवटचे, म्हणजे दोन ठिकाणी फॉस्फेट लागलेले कायनेज उलट फिरून पहिल्या पायरीचा वेग कमी करते. हे ऋण प्रत्याभरण, म्हणजेच निगेटिव्ह फीडबॅक, या प्रारूपाचा गाभा आहे. इंग्लंडमधील हिंक्स्टन येथील युरोपीय जैवमाहिती संस्थेच्या ‘बायोमॉडेल्स’ या संग्रहात हे प्रारूप तयार स्वरूपात मिळते. संग्रहातील दहाव्या क्रमांकाची ही नोंद एसबीएमएल या सर्वमान्य स्वरूपात उतरवून कोपासीत उघडली, की घटक, अभिक्रिया, वेगनियम आणि स्थिरांक जागच्या जागी दिसू लागतात.

तरीही नवशिक्याने पहिल्यांदा फाइल उघडू नये. हेच प्रारूप हाताने भरावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. कोपासीत अभिक्रिया रसायनशास्त्राच्या वहीत लिहितो तशीच लिहायची असते. डावीकडे अभिकारक, मध्ये बाण, उजवीकडे उत्पादन, आणि अर्धविरामानंतर अभिक्रियेत खर्च न होता तिच्या वेगावर परिणाम करणारा घटक. बाणाऐवजी बरोबरीचे चिन्ह दिले तर अभिक्रिया उलटसुलट दोन्ही दिशांनी होते असे धरले जाते. एवढे लिहून झाले की प्रणाली त्या अभिक्रियेला लागू पडतील अशाच वेगनियमांची यादी समोर ठेवते. त्यात नसलेला नियम स्वतः लिहिता येतो, परंतु त्यातील प्रत्येक चिन्ह अभिकारक आहे, उत्पादन आहे, परिणामक आहे की स्थिरांक, हे सांगितल्याशिवाय तो स्वीकारला जात नाही. ही सक्ती सुरुवातीला त्रासदायक वाटते. पण प्रत्याभरणाचा वेगनियम लिहिताना तिसऱ्या पातळीवरचे कायनेज पहिल्या पायरीच्या छेदात परिणामक म्हणून येते हे आपल्या हाताने नोंदवावे लागते, आणि आकृतीतील वळसा घेऊन मागे येणाऱ्या त्या रेघेचा नेमका अर्थ तेव्हा कळतो. भरलेल्या अभिक्रियांवरून तयार झालेली अवकल समीकरणे प्रणाली एका वेगळ्या पानावर पूर्ण लिहून दाखवते. समीकरणे पाहताच ज्यांना धास्ती वाटते अशा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे पान जरूर उघडावे, कारण तेथील प्रत्येक पद त्यांनीच भरलेल्या एका अभिक्रियेचे असते.

भरताना झालेल्या चुका शोधण्यासाठी एक उत्तम साधन फारसे कोणी वापरत नाही, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख करतो. स्टॉइकिओमेट्रीच्या, म्हणजे अभिक्रियांतील घटकांच्या प्रमाणांच्या, विश्लेषणात कोपासी कोणकोणत्या बेरजा अक्षय्य राहतात हे काढून देते. खोलोडेन्को यांच्या प्रारूपात अशा तीनच बेरजा निघाल्या पाहिजेत, प्रत्येक पातळीच्या कायनेजची एक. त्यामुळे आठ घटकांपैकी पाचच स्वतंत्र उरतात. दोनच बेरजा आल्या तर कुठेतरी एखादे प्रथिन शून्यातून निर्माण होत आहे किंवा नाहीसे होत आहे, असे समजावे. दुसरा मार्ग जोडल्यानंतर तर ही तपासणी प्रत्येक वेळी करावी.

आता प्रारूप चालवू. टाइम कोर्स, म्हणजे काळानुसार संहती काढण्याच्या, कामात पूर्वनिर्धारित पद्धत एलसोडा ही आहे. काही बदल क्षणार्धात आणि काही अतिशय सावकाश होत असतील तरी ती समीकरणे सोडवण्याची पद्धत आपणहून बदलून निभावून नेते, म्हणून संदेशमार्गांसाठी ती योग्य आहे. मूळ स्थिरांकांवर सक्रिय कायनेजची संहती एका पातळीवर स्थिरावत नाही. ती साधारण वीस मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होत राहते. एक ऋण प्रत्याभरण आणि प्रत्येक पायरीवरची तीव्र संवेदनशीलता एवढ्या सामग्रीतून आंदोलने निर्माण होऊ शकतात, हाच मूळ निबंधाचा निष्कर्ष होता. पुढे २००९ मध्ये मानवी स्तनातील एपिथेलियल पेशींत ईआरके केंद्रकात जाते आणि बाहेर येते अशी सुमारे पंधरा मिनिटांची आंदोलने प्रत्यक्ष पाहिली गेली, त्यामुळे ही केवळ गणिताची करामत नाही याची खात्री पटली.

येथे कोपासीचे दोन भाग फार उपयोगी ठरतात. पहिला म्हणजे सरकपट्ट्या. एखाद्या स्थिरांकाला सरकपट्टी लावून ती हलवली की आलेख तत्क्षणी बदलतो, आणि प्रत्याभरणाची ताकद कमी करत नेताना आंदोलने कशी क्षीण होतात हे डोळ्यांसमोर घडते. दुसरा भाग स्थायी अवस्था शोधण्याचा. आंदोलन करणाऱ्या या प्रारूपालाही स्थायी अवस्था असते, मात्र ती अस्थिर असल्यामुळे कितीही वेळ प्रारूप चालवले तरी टाइम कोर्समध्ये ती दिसत नाही. न्यूटनच्या पद्धतीने ती सापडते आणि सोबत जेकोबियन सारणीची आयगेन मूल्येही मिळतात, म्हणजे त्या अवस्थेपासून थोडे ढळल्यास प्रणाली परत येते की दूर जाते हे सांगणारे आकडे. त्यांच्यापैकी काहींचा वास्तव भाग धन असणे हीच अस्थिरतेची खूण होय. आंदोलनांचे कारण असे आकड्यांत सापडणे मला आलेखापेक्षाही मोलाचे वाटते. नियंत्रण गुणांकांचे, म्हणजे कोणत्या पायरीचा एकूण वर्तनावर किती प्रभाव आहे याचे, विश्लेषणही प्रणालीत आहे, पण ते स्थायी अवस्थेभोवती बांधलेले असते. आंदोलने चालू असताना त्याचे आकडे आले तरी त्यांवरून पेशीबद्दल काही बोलू नये.

आता मूळ प्रश्न, म्हणजे दोन मार्गांची गाठ. पीकेएला एक घटक म्हणून आणून त्याला पहिल्या पायरीच्या वेगनियमात आणखी एका छेदकारकाच्या रूपाने बसवले, आणि पीकेएची संहती पॅरामीटर स्कॅनमध्ये (एखादे मूल्य टप्प्याटप्प्याने बदलून प्रारूप पुन्हा पुन्हा चालवण्याच्या कामात) वाढवत नेली, की दिसते ते असे : पहिल्या पायरीचा वेग पुरेसा खाली आला की आंदोलने थांबतात आणि ईआरके अगदी खालच्या पातळीवर स्थिर होते. म्हणजे दुसऱ्या मार्गाचा परिणाम ‘ईआरके थोडे कमी झाले’ एवढाच नसून वर्तनाचा प्रकारच बदलला. आकृतीतील आडव्या टोकाची रेघ पाहून हा निष्कर्ष कोणालाही काढता आला नसता. मार्ग एकत्र आले की सुट्या मार्गांत नसलेले गुण दिसू लागतात हे विस्ताराने दाखवणारा एक महत्त्वाचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला होता, तो बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उपिंदर भल्ला आणि न्यूयॉर्कचे रवी अय्यंगार यांचा होता. ईआरकेमुळे फॉस्फोलायपेज ए२ हे विकर, त्यामुळे ॲराकिडोनिक आम्ल, त्यामुळे पीकेसी हे आणखी एक कायनेज आणि पीकेसीमुळे पुन्हा राफ व ईआरके, असे धन प्रत्याभरणाचे वर्तुळ त्यांनी प्रारूपात मांडले होते. क्षीण किंवा क्षणिक संदेशाने हे वर्तुळ जागे होत नाही. पुरेसा तीव्र संदेश पुरेसा वेळ मिळाला तर मात्र ते जागे होते, आणि संदेश काढून घेतल्यावरही स्वतःच्या बळावर चालू राहते. त्यांनी वापरलेली प्रणाली कोपासी नव्हती, जेनेसिस आणि कायनेटिकिट ही होती. पण आज तोच विचार शिकवायचा असेल तर कोपासीत तो सहज बसतो.

एकाच संदेशाला दोन स्थिर अवस्था शक्य असण्याच्या अशा दुहेरी स्थिरतेचा तपास करण्यासाठी स्कॅनमध्ये एक पर्याय आहे : प्रत्येक नव्या मूल्यासाठी आरंभीच्या संहतींकडे परत न जाता मागील मूल्यावर जी अवस्था आली तिच्यापासून पुढे चालणे. संदेशाची तीव्रता आधी वाढवत आणि मग कमी करत असा दोनदा स्कॅन केला, आणि जाता-येताचे दोन आलेख वेगळे निघाले, तर प्रणालीला पूर्वेतिहासाची आठवण राहते हे सिद्ध होते. मात्र स्थिर आणि अस्थिर अवस्थांच्या शाखा सलग शोधत नेऊन द्विभाजनाचे, म्हणजे कोणत्या मूल्याला वर्तनाचा प्रकार बदलतो याचे, संपूर्ण चित्र काढण्याची सोय कोपासीत नाही. त्यासाठी प्रारूप एक्सपीपीऑट या प्रणालीच्या स्वरूपात निर्यात करावे लागते. निर्यात व्यवस्थित होते, पण संदेशमार्गांवर गांभीर्याने काम करणाऱ्याला ही उणीव जाणवतेच.

मघाशी म्हटले त्याप्रमाणे कोपासी प्रत्येक रेघेचा अर्थ विचारते. मात्र दिलेले उत्तर योग्य आहे की नाही हे ती पाहत नाही. तिची सर्वांत धोकादायक सोय म्हणजे वेगनियमांच्या यादीत सहज हाताशी असणारा मिकेलिस-मेंटेन नियम, म्हणजे विकराने घडवलेल्या अभिक्रियेचा पाठ्यपुस्तकातील नेहमीचा वेगनियम. विकर फार थोडे आणि क्रियाद्रव्य (विकर ज्यावर क्रिया करते तो पदार्थ) पुष्कळ, या गृहीतावर हा नियम साधारणपणे उभा असतो. परीक्षानळीतील चयापचयाच्या विकरांना ते बहुतेक वेळा लागू पडते. संदेशमार्गांत मात्र विकर आणि क्रियाद्रव्य ही दोन्ही प्रथिनेच असतात आणि त्यांच्या संहती एकमेकींच्या जवळपासच्या असू शकतात. खोलोडेन्को यांच्या प्रारूपातच दुसरे आणि तिसरे कायनेज सारख्याच ३०० नॅनोमोलर प्रमाणात आहे, आणि पहिले दुसऱ्याचे विकर आहे तर दुसरे तिसऱ्याचे. अशा वेळी विकराचा मोठा हिस्सा क्रियाद्रव्याला चिकटून अडकलेला असतो आणि तो इतर कामासाठी उपलब्ध नसतो. ही अडकवणूक मिकेलिस-मेंटेन नियमात दिसतच नाही.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही, कारण दोन मार्गांमधील परस्परक्रिया पुष्कळदा याच अडकवणुकीतून घडते. समजा एकच फॉस्फटेज दोन मार्गांतील दोन कायनेजचे फॉस्फेट काढते. आकृतीत या दोन मार्गांमध्ये एकही रेघ नसेल, तरीही पहिला मार्ग सक्रिय झाला की त्याचे फॉस्फेटयुक्त कायनेज फॉस्फटेजला गुंतवून ठेवते, दुसऱ्या मार्गाला फॉस्फटेज कमी पडते आणि तोही वर सरकतो. दोन स्वतंत्र मिकेलिस-मेंटेन अभिक्रिया लिहिणाऱ्याच्या प्रारूपात ही घटना कधीच घडणार नाही, आणि कोपासी त्याबद्दल सूचनाही देणार नाही, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही अभिक्रिया बिनचूक लिहिलेल्या असतात. उपाय दोन आहेत. एक म्हणजे वेगनियमाच्या छेदात दुसऱ्या क्रियाद्रव्याला स्पर्धक म्हणून घालणे. दुसरा आणि अधिक प्रामाणिक उपाय म्हणजे जोडी जुळणे, सुटणे आणि उत्पादन होणे या तिन्ही पायऱ्या वस्तुमानक्रिया नियमाने (वेग हा अभिकारकांच्या संहतींच्या गुणाकाराच्या प्रमाणात) वेगवेगळ्या लिहिणे. हुआंग आणि फेरेल यांनी १९९६ मधील आपल्या प्रारूपात हाच मार्ग धरला होता. त्यात तीन पातळ्यांच्या त्याच साखळीसाठी २२ घटक आहेत, कारण १२ प्रथिनरूपांबरोबर १० जोड्याही मोजाव्या लागतात. वेगस्थिरांक ३० होतात आणि अक्षय्य बेरजा सात. बायोमॉडेल्सच्या संग्रहात हे प्रारूप नवव्या क्रमांकावर आहे. नऊ आणि दहा या दोन नोंदी शेजारी उघडून पाहणे हा या विषयातील सर्वोत्तम अभ्यास आहे, असे मी कोणत्याही विद्यार्थ्याला सांगेन. एकाच जीवशास्त्रीय साखळीबद्दल दोन वेगळी गृहीते केली की गणित किती बदलते हे तिथे दिसते. कोपासीच्या पुढील आवृत्त्यांत मिकेलिस-मेंटेन नियम वापरलेल्या ठिकाणी विकराची आणि क्रियाद्रव्याची आरंभीची संहती तुलनेने दाखवणारी एखादी सूचना यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. माहिती प्रणालीजवळ आधीच असते. ती फक्त वापरकर्त्याच्या नजरेस आणायची आहे.

यादृच्छिक अनुकरण, म्हणजे रेणूंची मोजकी संख्या आणि त्यांतील योगायोग लक्षात घेऊन चालवलेले प्रारूप, हे कोपासीचे दुसरे बलस्थान. गिलेस्पी यांची थेट पद्धत, गिब्सन आणि ब्रुक यांची पद्धत, टाऊ-लीप आणि काही संमिश्र पद्धती तिच्यात आहेत, आणि तेच प्रारूप पुन्हा न लिहिता एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेता येते. त्यासाठी दोन गोष्टी आधी कराव्या लागतात. पहिली म्हणजे एककांकडे लक्ष देणे. नव्या फाइलीत आकारमान मिलिलिटरमध्ये आणि प्रमाण मिलिमोलमध्ये धरलेले असते. तसेच राहू दिले तर रेणूंची संख्या अवाढव्य होते आणि प्रणाली काम नाकारते. दुसरी म्हणजे उलटसुलट दिशांच्या अभिक्रिया सुट्या करणे. त्यासाठी मेन्यूत तयार साधन आहे, पण त्याने फक्त वस्तुमानक्रिया आणि तशा साध्या नियमांची वाटणी नीट होते, स्वतः लिहिलेले नियम हाताने पाहून घ्यावे लागतात.

योगायोगाचा प्रश्न केव्हा महत्त्वाचा, हे ठरवायला थोडा हिशेब पुरतो. १०० नॅनोमोलर संहती असलेल्या प्रथिनाचे एक पिकोलिटर आकारमानाच्या प्राणीपेशीत सुमारे ६०,००० रेणू असतात; तेथे नेहमीची अवकल समीकरणे बहुधा पुरेशी ठरतात. मज्जापेशीच्या शाखेवरील एका बारीक कंटकात, ज्याचे आकारमान फेमटोलिटरचा दहावा भाग असू शकते, त्याच संहतीला रेणू उरतात फक्त सहा. सहा रेणूंच्या बाबतीत ‘सरासरी संहती’ हा शब्दप्रयोगच अपुरा पडतो, आणि दुहेरी स्थिरतेचे वर्तुळ तिथे आपोआप चालू-बंद होऊ शकते. संदेशमार्गांतून स्मृती कशी टिकते याचा विचार करणाऱ्यांनी निश्चयात्मक आलेखावर थांबू नये, ते या कारणासाठी.

प्रयोगातील आकड्यांवरून स्थिरांक काढण्याचे काम कोपासीत जितके सोपे दिसते तितके ते विचाराने सोपे नाही. टॅबने विलग केलेल्या स्तंभांची फाइल द्यायची, कोणता स्तंभ काळ, कोणता स्वतंत्र, कोणता अवलंबी हे सांगायचे, शोधायच्या स्थिरांकांना मर्यादा द्यायच्या आणि पद्धत निवडायची. लेव्हनबर्ग-मार्क्वार्टसारख्या स्थानिक पद्धतींपासून कणसमूह, जनुकीय आणि उत्क्रांतिवादी शोधापर्यंत पद्धतींची निवड विपुल आहे, आणि आधी व्यापक शोध व नंतर स्थानिक शोध हा क्रम चांगला चालतो. अडचण असते ती आकड्यांच्या स्वरूपाची. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन ओळखण्याच्या चाचणीतील पट्ट्यांची तीव्रता ही नॅनोमोलर नसते. म्हणून प्रारूपातील ईआरकेच्या संहतीला एका अज्ञात गुणकाने गुणून मिळणारी ग्लोबल क्वांटिटी तयार करावी आणि प्रयोगाचा स्तंभ तिच्याशी जोडावा. गुणकही इतर स्थिरांकांबरोबर शोधू द्यावा. हे न करता पट्टीची तीव्रता थेट संहती म्हणून भरली तर आलेख सुंदर जुळतो आणि निघालेले स्थिरांक निरर्थक असतात.

आलेख जुळला म्हणजे स्थिरांक सापडले, हा समजही सोडून द्यावा लागतो. क्रियाद्रव्य मिकेलिस स्थिरांकापेक्षा (ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तिच्यापेक्षा) फार कमी असेल तर कमाल वेग आणि तो स्थिरांक यांचे फक्त गुणोत्तर ठरते. क्रियाद्रव्य फार जास्त असेल तर मिकेलिस स्थिरांकाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. एखादा स्थिरांक खरोखर निश्चित होतो का, हे पाहण्यासाठी त्याला एकेका मूल्यावर बांधून प्रत्येक वेळी बाकीचे स्थिरांक पुन्हा शोधावेत. पॅरामीटर स्कॅनच्या पोटात पॅरामीटर एस्टिमेशन ठेवून हे करता येते. जुळणीतील त्रुटी दोन्ही बाजूंनी वाढली तर स्थिरांक ठरला, सपाट राहिली तर नाही. हे काम वेळखाऊ असते, आणि अशा लांब कामांसाठी कोपासीएसई ही खिडकीविना आदेशावर चालणारी आवृत्ती अधिक सोयीची पडते. पायथन येणाऱ्यांसाठी बेसिको हा संच आहे. त्यातून कोपासीची बहुतेक सर्व कामे प्रोग्रॅममध्ये लिहून करता येतात.

एका फाइलीतील प्रारूप उघड्या प्रारूपात मिसळण्याची सोय प्रणालीत आहे आणि दोन मार्ग जोडताना तिचा मोह होतो. तिने वेळ वाचतो हे खरे, पण दोन फाइलींतील एकाच प्रथिनाची दोन नावे, दोन वेगळी एकके आणि दोन वेगळ्या पेशीप्रकारांतून आलेले आकडे जुळवणे हे मनुष्याचेच काम राहते. बेडकाच्या अंडपेशीत मोजलेला स्थिरांक आणि उंदराच्या तंतुपेशीत मोजलेला स्थिरांक एका समीकरणसंचात आले, तरी ते एका पेशीचे होत नाहीत.

काही प्रश्नांसाठी कोपासी निवडूच नये. ज्या ग्राहीवर फॉस्फेट लागण्याच्या दहा स्वतंत्र जागा आहेत, त्याची केवळ फॉस्फेटच्या दृष्टीने १,०२४ रूपे होतात. प्रत्येक जागेला चिकटणारी प्रथिने धरली तर ही संख्या हाताने लिहिण्यापलीकडे जाते. अशा ठिकाणी नियमांवरून अभिक्रिया निर्माण करणारी बायोनेटजेनसारखी प्रणाली हवी. कोपासीत कप्पे असतात, परंतु कप्प्याच्या आत सर्वत्र संहती सारखीच धरलेली असते; पेशीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत संदेश कसा पसरतो हा प्रश्न असेल तर व्हर्च्युअल सेलकडे जावे. मार्गाची देखणी आकृती काढणे हाच मुख्य हेतू असेल तर जपानमध्ये विकसित झालेले सेलडिझायनर अधिक योग्य. कोपासीचा चेहरामोहरा साधा, काहीसा जुन्या वळणाचा आहे. डावीकडील झाडासारख्या यादीत कामे खोल दडलेली असतात, आणि आलेख छापण्याजोगा करण्यासाठी आकडे बाहेर काढून दुसरीकडे काढणेच बरे पडते. माहितीपुस्तिका तपशीलवार आहे, मात्र ती प्रत्येक बटणाचा अर्थ सांगते. कोणत्या प्रश्नासाठी कोणते बटण, हे तिच्यातून नवशिक्याला उमगायला वेळ लागतो. मराठीत या विषयावर साहित्य जवळजवळ नसल्यामुळे शिक्षकाचे बोट धरूनच सुरुवात करणे इष्ट.

प्रोग्रॅमिंग न येणारा, पण अभिक्रिया लिहिता येणारा आणि थोडे कलनशास्त्र आठवणारा पदव्युत्तर विद्यार्थी हा या प्रणालीचा खरा वापरकर्ता, असे मला वाटते. त्याच्यासाठी मी तिची निःसंकोच शिफारस करतो. तीन-चार मार्ग, काही डझन घटक आणि मोजक्या प्रयोगांचे आकडे एवढ्या पसाऱ्यापर्यंत ती कोणत्याही महागड्या साधनाच्या तोडीची आहे. त्याहून मोठे जाळे हाताळायचे असेल तर सुरुवातीपासूनच पायथनमधील साधने शिकावीत.

काम इतरांना देताना एक काळजी घ्यावी. एसबीएमएल फाइलीत प्रारूप जाते. स्कॅनच्या मर्यादा, अंकीय पद्धत, तिच्या त्रुटीच्या सीमा आणि आलेखांची मांडणी जात नाही. ती सर्व कोपासीच्या स्वतःच्या फाइलीत राहते. प्रबंध किंवा शोधनिबंधासोबत दोन्ही फाइली द्याव्यात, आणि प्रत्येक वेगस्थिरांकाच्या टिपणाच्या चौकटीत तो कोणत्या प्रयोगातून, कोणत्या पेशीतून आणि कोणत्या तापमानाला मिळालेला आहे, किंवा तो नुसता गृहीत धरलेला आहे, हे लिहून ठेवावे. ती चौकट प्रत्येक घटकाजवळ आणि प्रत्येक अभिक्रियेजवळ दिलेली असते.